कशाभिकेतल्या जागा

काही कलाकृतींच्या वाट्याला वाचकांपेक्षा वकील जास्त येतात. जिवाणूच्या कशाभिकेचे तसे झाले आहे. जिवाणूच्या अंगावरचा, पोहण्यासाठी वापरला जाणारा हा एक बारीक धागा. मायकेल बीही या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञांनी 1996 साली ‘डार्विन्स ब्लॅक बॉक्स’ या पुस्तकात त्याला साक्षीला उभे केले आणि विचारले, की असले यंत्र बुद्धिमान कर्त्यावाचून घडेल कसे? तेव्हापासून त्या धाग्याचे चित्र दोन्ही पक्षांच्या हातात आहे. एक पक्ष ते दाखवून ‘कर्ता आहे’ म्हणतो, दुसरा ‘नाही’ म्हणतो, आणि चित्रात काय आहे ते पाहायचे राहूनच जाते. कर्त्याचा प्रश्न मोलाचा आहे. पण रसिकाचा क्रम वेगळा असतो. आधी रचना, मग रचनाकार. रचना बारकाईने वाचली, तर स्वतःच्या घडणीबद्दल ती बरेच बोलते.

सुरुवात माध्यमापासून करावी. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय जेमतेम दोन मायक्रॉन लांबीचा. एवढ्याशा जीवाला पाणी काकवीसारखे लागते. एडवर्ड पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञांनी 1976 सालच्या एका गाजलेल्या व्याख्यानात त्याचा हिशेब मांडला होता: पोहणारा जिवाणू धडपड थांबवताच अणूच्या व्यासाइतकेही अंतर न घसरता जागच्या जागी थांबतो. वेग साठवणे नाही, वाहत जाणे नाही. वल्हे पुढेमागे हलवूनही काही साधत नाही. जाताना कमावलेले येताना तितकेच गमावले जाते. अशा ठिकाणी चालते ते मळसूत्र, कारण एकाच दिशेने फिरत राहणाऱ्या मळसूत्राला परतीची फेरीच नसते. त्यातही हे मळसूत्र फिरवणाऱ्या मोटरने लावलेल्या ताकदीचा जेमतेम एकदोन टक्के भाग पुढे जाण्याच्या कामी येतो. पण जिवाणूच्या एकूण मिळकतीत पोहण्याचा खर्च किरकोळ, म्हणून ही उधळपट्टी त्याला परवडते. काटकसर कुठे करायची आणि कुठे नाही, याचे औचित्य इथे पहिल्याच ओळीत दिसते.

हा धागा फटकाऱ्यासारखा हलत नाही, मुळापासून गरागरा फिरतो, हे उमगायला 1973 साल उजाडले. हॉवर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी तोवरची निरीक्षणे एकत्र ठेवून तसा निष्कर्ष काढला. पुढच्याच वर्षी मायकेल सिल्व्हरमन आणि मेल्व्हिन सायमन यांनी तो डोळ्यांना दाखवला. त्यांनी प्रतिपिंडांच्या साहाय्याने धाग्याचे बूड काचेला चिकटवून टाकले. धागा अडकला, मोटर चालूच राहिली, आणि सबंध जिवाणू स्वतःभोवती फिरू लागला. अदृश्य गती दिसावी म्हणून गतीची बाजूच पालटून घेतली. हा प्रयोगही कशाभिकेइतकाच देखणा आहे.

आता मुळाशी जाऊ. पेशीच्या पटलात रुतलेली ही मोटर सुमारे 45 नॅनोमीटर रुंद आहे. ई. कोलायमध्ये ती सेकंदाला तीनशेच्या आसपास फेरे घेते. समुद्रात राहणाऱ्या एका व्हिब्रिओ जातीत हाच आकडा 1700पर्यंत जातो. तिला वीज लागत नाही, एटीपी हे पेशीचे नेहमीचे इंधनही लागत नाही. पटलाबाहेर प्रोटॉन जास्त आणि आत कमी, या फरकातून ते आत शिरतात आणि शिरताना चाक ढकलतात. एका फेऱ्याला असे हजारभर प्रोटॉन खर्ची पडतात. व्हिब्रिओची मोटर प्रोटॉनऐवजी सोडियमच्या आयनांवर चालते, कारण समुद्रात सोडियमला तोटा नाही. परिसरात जे मुबलक आहे तेच इंधन, हे शहाणपण मोटरच्या अगदी गाभ्यात बसलेले आहे.

या मोटरची सर्वांत नाजूक जागा 2020 साली उजेडात आली. चाकाला ढकलणारे भाग, म्हणजे स्टेटर, पटलात स्थिर बसलेले असतात असा समज होता. क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवले, की प्रत्येक स्टेटर हेच एक चिमुकले चाक आहे: मॉट-ए या प्रथिनाच्या पाच प्रती, मधोमध मॉट-बीच्या दोन. प्रोटॉन आत आले की पाचांचे कडे दोघांभोवती फिरते, आणि ते फिरणारे कडे मोठ्या चाकाला फिरवते. मग कशाभिका उलटी कशी फिरते? लहान चाक आपली दिशा बदलतच नाही. मोठ्या चाकाची कड आकार बदलते. लहान चाक कडेच्या बाहेरच्या अंगाला टेकले असेल तर मोठे चाक त्याच्या उलट फिरते. कड पसरून ते आतल्या अंगाला टेकले की दोन्ही एकाच दिशेने फिरू लागतात. गिअरच्या कारखान्यात काम केलेला माणूस हे चित्र पाहताच ओळखीचे हसेल. इंजिन न थांबवता, इंधनाची दिशा न बदलता, केवळ स्पर्शाची बाजू बदलून उलट गती मिळवणे ही अव्वल दर्जाची कारागिरी आहे.

आणखी एक बारकावा सहज नजरेतून निसटतो. हे स्टेटर कायमचे बसवलेले नाहीत. मोटर चालू असतानाच ते येतात, काही काळ जोर लावतात आणि सुटून पटलात परत मिसळतात. भार वाढला तर जास्त स्टेटर जमतात, हलका झाला तर पांगतात, ई. कोलायच्या एका मोटरभोवती अकरापर्यंत जमल्याचे मोजले गेले आहे. स्थिर यंत्राची सुबकता आपण लगेच ओळखतो. चालू यंत्राचे भाग बदलत राहतात आणि तरी त्याची लय तुटत नाही, ही सुबकता ओळखायला जरा थांबावे लागते.

मोटरचा आस पेशीच्या भिंतीतून बाहेर येतो. भिंतीच्या थरांत त्याला बुशसारख्या दोन कड्या आहेत, आणि बाहेर येताच एक वाकडा तुकडा आहे: हूक. त्याची लांबी जवळपास 55 नॅनोमीटर. मोटरची गती कुठल्याही कोनातल्या धाग्यापर्यंत पोचवणारा हा युनिव्हर्सल जॉइंट. तो वाकलेला असूनही आपल्या अक्षाभोवती फिरत राहतो, म्हणजे त्याचा प्रत्येक कण एका फेऱ्यात एकदा ताणला जातो आणि एकदा दबतो, सेकंदाला शेकडो वेळा. हूक आणि धागा यांच्या प्रथिनांची रचना बरीच सारखी. तरी हूक लवचीक आणि धागा ताठ. एकाच घराण्याच्या दोन गळ्यांतून इतके निराळे स्वभाव काढलेले पाहिले की दाद आपोआप जाते.

खुद्द धागा म्हणजे फ्लॅजेलिन या एकाच प्रथिनाच्या सुमारे वीस हजार प्रती. व्यास वीसएक नॅनोमीटर, लांबी दहा मायक्रॉनपर्यंत. एकसारखे तुकडे रचले तर सरळ नळी व्हायला हवी. मळसूत्राचा बाक आला कुठून? उत्तर असे, की धाग्यात अकरा उभे पदर आहेत आणि प्रत्येक पदर दोनपैकी एका अवस्थेत असू शकतो. दोन अवस्थांत लागोपाठच्या तुकड्यांमधले अंतर सुमारे 0.8 अँगस्ट्रॉमने वेगळे असते. हायड्रोजनचा अणूसुद्धा याहून मोठा. काही पदर आखूड, काही लांब, म्हणून सबंध नळी एका अंगाला वळते आणि मळसूत्र तयार होते. मोटर उलटी फिरली की पिळामुळे काही पदर अवस्था बदलतात आणि डावे मळसूत्र उजवे होते. अणूहून लहान फरक दहा मायक्रॉनभर वाढत जाऊन पोहण्याचे साधन होतो. इतक्या कमी सामग्रीत इतका मोठा परिणाम साधणारी रचना विरळाच.

हे सगळे उभे कसे राहते, हा भाग तर स्वतंत्र रसग्रहणाचा विषय. केसासारखा धागा मुळातून वाढत असेल असे आपण धरून चालतो, पण तो टोकाला वाढतो. धागा आतून पोकळ आहे. फ्लॅजेलिनचा प्रत्येक रेणू उलगडलेल्या दोरीच्या रूपात त्या दोनएक नॅनोमीटरच्या बोगद्यातून सबंध लांबी पार करून टोकाला पोचतो. तिथे पाच प्रथिनांची एक टोपी आहे. ती थोडीथोडी फिरत एका वेळी एकच मोकळी जागा उघडी ठेवते, आणि आलेला रेणू त्या जागेत घडी होऊन बसतो. टोपी काढून घेतली तर रेणू बाहेरच्या पाण्यात सांडून जातात. बांधकाम चालू असताना माल आतून जातो आणि मुकादम टोकावर उभा असतो.

आता माझी सर्वांत आवडती जागा. हूक 55 नॅनोमीटरचा झाल्यावर थांबतो आणि धागा सुरू होतो. थांबायचे कधी, हे पेशीच्या आत कळते कसे? फ्लि-के नावाचे एक लांबोडके प्रथिन अधूनमधून त्या नळीतून बाहेर जाते आणि जाताजाता तिची लांबी मापते. लांबी पुरी भरली, की त्याचे मागचे टोक आतल्या दरवाजाला स्पर्श करते आणि दरवाजा पाठवायच्या मालाची यादीच बदलतो. संशोधकांनी हे प्रथिन मुद्दाम लांब केले तेव्हा हूकही लांब झाला. यादी बदलताच एफएलजीएम हे दुसरे प्रथिन बाहेर फेकले जाते. पेशीत असताना हेच प्रथिन फ्लॅजेलिनच्या जनुकाला चालना देणाऱ्या घटकाला धरून बसलेले होते. ते बाहेर पडले, घटक सुटला, जनुक जागे झाले. 1993 साली केली ह्यूज आणि सहकाऱ्यांनी हे दाखवले. म्हणजे नळी तयार झाल्याची खबर नळीतूनच जाते. नळी अपुरी असेल तर खबर जाणार नाही आणि महागडे फ्लॅजेलिन वाया जाणार नाही. वेगळा तपासनीस नाही, वेगळा अहवाल नाही. काम पूर्ण होणे हाच काम पूर्ण झाल्याचा संदेश.

जाता जाता या मोटरचे सारथ्य पाहू. ई. कोलाय साधारण सेकंदभर सरळ धावतो, सेकंदाच्या दशांशभर गिरकी घेतो आणि नव्या, कुठल्याही दिशेला धावू लागतो. त्याला सुकाणू नाही. खाद्याकडे जाताना तो एवढेच करतो, की परिस्थिती सुधारत असेल तर गिरकी लांबणीवर टाकतो. त्याच्या दोन टोकांमधले अंतर इतके कमी आहे, की पुढे खाद्य जास्त की मागे, हे तिथल्या तिथे विश्वासाने ताडता येत नाही. म्हणून तो आत्ताची चव काही सेकंदांपूर्वीच्या चवीशी ताडून पाहतो. ती छोटीशी आठवण त्याच्या संवेदक प्रथिनांवर चढणाऱ्या-उतरणाऱ्या मिथाइल गटांत असते. दिशा कळत नसतानाही दिशेने जाण्याची ही युक्ती पाहून भलाभला गणिती मान डोलावेल.

इतके वाचल्यावर कर्त्याचा प्रश्न मनात न येणे कठीण. तो जुनाच आहे. इंग्रज धर्मशास्त्रज्ञ विल्यम पेलींनी 1802 साली माळावर सापडलेल्या घड्याळावरून घड्याळजी ओळखला. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त जगाच्या कार्यत्वावरून ईश्वराचे अनुमान मांडले: घटाला कुंभार, तसा जगालाही कर्ता. उदयनांच्याही काही शतके आधी बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी असल्या अनुमानाची नस पकडून ठेवली होती. मातीला आकार आला म्हणजे कुंभार आलाच, असे मानले तर वारूळही कुंभाराने केले म्हणावे लागेल. घटावरून कुंभार कळतो, कारण कुंभाराला घट घडवताना आपण पाहिलेले असते. बीहींनी या वादात एक नवी कलमवार मांडणी आणली. उंदराच्या सापळ्याचा एक भाग काढला तर तो निकामी होतो. कशाभिकाही तशीच, तिला ते अविभाज्य गुंतागुंत म्हणतात. अर्धवट कशाभिका कशाच्याच उपयोगाची नाही, मग ती टप्प्याटप्प्याने घडली कशी? प्रश्न चांगला आहे आणि त्याची तपासणी करता येते. वारुळाच्या मातीकडे जवळून पाहायचे.

पाहिल्यावर पहिली गोष्ट दिसते ती मुळाशी असलेल्या निर्यातीच्या दरवाजाची. तेच प्रथिनांचे घराणे आणखी एका यंत्रात आहे. रोगकारक जिवाणू यजमानाच्या पेशीत विष टोचतात, ती ही सुई. 1896 साली मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुण्यात ज्याने हाहाकार उडवला, त्या प्लेगच्या जिवाणूजवळ ती आहे. तिच्याजवळ धागा नाही, फिरती मोटर नाही, तरी ती आपले काम चोख करते. इथे उत्क्रांतीच्या काही पुरस्कर्त्यांनीही घाई केली आणि सुईलाच कशाभिकेची पूर्वज म्हटले. जनुकांच्या तुलना उलटे सांगतात: सुई कशाभिकेच्या घराण्यातून नंतर फुटलेली दिसते. तरी मुद्दा शाबूत राहतो, कारण कशाभिकेचा बराच मोठा भाग बाजूला काढूनही मागे उपयोगी वस्तू उरते. शिवाय प्लेगच्या जिवाणूच्या जनुकसंचात कशाभिकेची जनुकेही आहेत. मात्र त्यांच्या नियामकात दोष शिरल्यामुळे तो पोहू शकत नाही. वापरात नसलेली जनुके त्याने तशीच जपून ठेवली आहेत.

दुसरी गोष्ट स्टेटरची. पाचांनी दोघांभोवती फिरायचे, ही जी जागा आपण मघाशी वाखाणली, ती कशाभिकेची खासगी मालमत्ता नाही. एक्स-बी-बी आणि टॉल-क्यू या प्रथिनांची यंत्रेही पाच-दोनचीच आहेत. त्यांपैकी एक लोह व जीवनसत्त्व बी-12 आत घेण्यासाठी ताकद पुरवते, दुसरे बाहेरचे पटल सांभाळते. पोहण्याशी दोघांचाही संबंध नाही. निर्यातीच्या दरवाजाशी काम करणारे एटीपीचे विकर तर आपल्या पेशींत एटीपी बनवणाऱ्या यंत्राचे भावंड आहे. आणि आस, हूक व त्याला लागून असलेले जोड यांची प्रथिने एकमेकांची नातलग आहेत, म्हणजे एका जनुकाच्या प्रती निघत गेल्या आणि प्रत्येकीने वेगळा स्वभाव धरला. हूक व धागा यांच्यातले जे साम्य आपण कौशल्य म्हणून पाहिले, त्याच जातीचे साम्य इथे वंशावळ सांगते.

तिसरी गोष्ट पाठभेदांची. साल्मोनेला या जिवाणूच्या कशाभिकेत चाळीसेक प्रकारची प्रथिने लागतात, पण मार्क पॅलन आणि निक मॅट्झ्के यांनी 2006 साली निरनिराळे जिवाणू ताडून पाहिले तेव्हा सर्वत्र आढळणारी त्यांच्या निम्मीच भरली. सर्पिल आकाराच्या स्पायरोकीट जिवाणूंनी कशाभिका शरीराच्या आतच, दोन पटलांमध्ये ठेवली आहे आणि सबंध शरीरच मळसूत्र केले आहे. माव्याच्या पोटात राहणाऱ्या बुकनेरा या जिवाणूने धागा टाकला, मोटर टाकली. मात्र बूड आणि हूक यांची शेकडो जोडकामे त्याच्या अंगावर अजून आहेत, बहुधा केवळ ने-आण करण्यासाठी. आर्किया गटातल्या जिवांचा फिरता धागा तर निराळ्याच घराण्यातला आहे: तो पोकळ नाही, मुळातून वाढतो आणि एटीपीवर चालतो. इतके पाठ एकापुढे एक ठेवल्यावर ‘एकही भाग काढता येत नाही’ हे विधान एका प्रतीचे सत्य ठरते, सबंध परंपरेचे नव्हे.

पेन्सिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळा मंडळाविरुद्ध अकरा पालकांनी लावलेल्या खटल्यात हाच दावा 2005 साली न्यायालयात तपासला गेला. बीहींनी स्वतः साक्ष दिली. विरुद्ध बाजूने जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर उभे राहिले. ते श्रद्धाळू कॅथलिक. तरीही जिवाणूच्या मोटरला त्यांनी देवाचा पुरावा मानले नाही. 20 डिसेंबरला न्यायाधीश जॉन जोन्स यांनी निकाल दिला, की इंटेलिजंट डिझाइन, म्हणजे बुद्धिमान कर्त्याचा हा सिद्धांत, विज्ञान नव्हे आणि सरकारी शाळेच्या जीवशास्त्राच्या वर्गात ते शिकवणे घटनेला धरून नाही. ईश्वर आहे की नाही, हा प्रश्न त्या न्यायालयासमोर नव्हता, आणि कशाभिकेच्या साक्षीने तो सुटणाराही नाही. कशाभिका कोणत्या क्रमाने घडत गेली, हे पाऊल-पाऊल अजून मांडता आलेले नाही. पण कुठल्या जुन्या घराण्यांतून तिचे भाग आले, हे मात्र आता नावानिशी सांगता येते.

कर्ता शोधणारे आणि इतिहास शोधणारे, या दोन वाचनांत मी ऐतिहासिक वाचन पसंत करतो ते अखेर रसिक म्हणून. ‘कुणीतरी हुशारीने केले’ हे उत्तर कुठल्याही रचनेला सारखेच लागू पडते. स्टेटर पाच-दोनचा असता तरी आणि सात-तीनचा असता तरी. म्हणून या विशिष्ट रचनेतल्या एकाही जागेबद्दल ते काही सांगू शकत नाही. मोटरचे लहान चाक लोह ओढणाऱ्या यंत्राचे चुलतभावंड का, हूक धाग्याच्या इतका जवळचा का, प्लेगच्या जिवाणूने मुकी जनुके का सांभाळली, बुकनेराने निम्मे यंत्र टाकून उरलेले का ठेवले, या सगळ्यांना इतिहासाच्या वाचनात उत्तर मिळते किंवा निदान शोधण्याची वाट तरी मिळते. हाताशी जे आले त्याचेच सोने करत गेलेली ही रचना आहे, आणि तिची प्रतिभा त्या जुळवणुकीत आहे. कर्त्याची सही शोधत तिच्यावर नजर फिरवणाऱ्याला मोटर दिसते. वंशावळ वाचणाऱ्याला मोटर दिसतेच, आणि ती अशीच का आहे हेही कळते.